डेंटल असिस्टंटला आणखी कामं द्यावीत का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्यात माझा दोन चेअरचा दातांचा दवाखाना आहे. या वर्षी २३ वर्षं झाली. शेजारी उभी राहून सक्शन धरणाऱ्या असिस्टंटच्या हातात आणखी कुठलं काम द्यावं, याबद्दल ठाणे आणि नवी मुंबईतल्या डेंटिस्ट मित्रमैत्रिणींशी, त्यांच्या आणि माझ्या असिस्टंटशी, शिवाय पेशंटशी इतक्या वेळा बोलणं झालं आहे की प्रश्न आता पाठ झाले आहेत. ते इथे एकत्र लिहिते. उत्तरं माझी आहेत आणि मी एका बाजूची आहे, हे आधीच सांगते: कामं वाढवावीत असं माझं मत आहे. मात्र ती लपूनछपून नको. लिहून, शिकवून आणि पैसे देऊन वाढवावीत.

असिस्टंट आज नेमकं काय करते?

पेशंटला दिसतं त्याच्या पाचपट. सकाळी दहाला पेशंट येतो तेव्हा तिचं तासभर काम करून झालेलं असतं. चेअरच्या पाण्याच्या नळ्यांतून पाणी सोडून त्या धुऊन काढायच्या, आदल्या रात्रीची हत्यारं पाकिटात बंद करून ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात, लावायची, १२१ अंशांवर १५ पौंड दाबाखाली २० मिनिटं पूर्ण झाली का ते बघायचं, पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदलला का ते तपासायचं. मग ट्रे मांडायचा.

चेअरवर काम सुरू झालं की घड्याळाची तबकडी डोळ्यांपुढे आणा. पेशंटचं डोकं मधोमध, डोक्याच्या माथ्याकडे बारा. उजव्या हाताचा डॉक्टर सात ते बाराच्या मधे फिरतो, असिस्टंट दोन ते चारमध्ये बसते आणि हत्यारांची देवघेव पेशंटच्या छातीवर, हनुवटीच्या खाली होते. चांगल्या असिस्टंटला मागावं लागत नाही. मी हात पुढे केला की पुढचं हत्यार त्यात आलेलं असतं. गाल बाजूला धरणं, जीभ सांभाळणं, लाळ ओढणं, सिमेंट नेमक्या वेळेला घोटून देणं, दातांच्या मापासाठी (म्हणजे साच्यासाठी) अल्जिनेटची पूड पाण्यात कालवणं हे सगळं तिचं. उन्हाळ्यात अल्जिनेट लवकर घट्ट होतं म्हणून गार पाणी घ्यायचं, हे तिला मी सांगावं लागत नाही. पेशंट गेला की रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, सक्शनच्या नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात, भुलीच्या औषधाच्या काचेच्या नळ्या निळ्यात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांतले हे रंग तिला माझ्यापेक्षा पक्के माहीत आहेत. मधेच फोन, अपॉइंटमेंट, बिल, रडणारं मूल.

मग ‘कामं वाढवायची’ म्हणजे काय करायचं?

पेशंटच्या तोंडात आज जी कामं फक्त डॉक्टर करतो, त्यांतली काही शिकलेल्या असिस्टंटने करायची, डॉक्टर तिथे हजर असताना. कुठली कामं, हे ठरवायला जगभर एक साधी कसोटी वापरतात: चुकलं तर दुरुस्त करता येतं का? माप बिघडलं तर पुन्हा घेता येतं. तात्पुरती कॅप निघाली तर पुन्हा बसवता येते. दात कोरला की तो भाग परत येत नाही. दाढ काढली की काढली.

कायदा काय म्हणतो?

इथे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण बहुतेक वाद अर्धवट माहितीवर चालतात.

आपल्याकडे दंतवैद्यकाचा मूळ कायदा १९४८ चा. त्याने तीन प्रकारच्या लोकांची नोंदणी ठरवली: डेंटिस्ट, डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक. हायजिनिस्ट म्हणजे दात साफ करणारी, पॉलिश करणारी, तोंडाच्या स्वच्छतेचं शिक्षण देणारी व्यक्ती. मेकॅनिक म्हणजे कवळी आणि तत्सम गोष्टी बनवणारी, दुरुस्त करणारी. चेअरशेजारी उभ्या असलेल्या असिस्टंटला या कायद्यात स्वतंत्र जागाच नाही. तिची नोंदणी नाही, तिने काय करावं याची यादी नाही, काय करू नये याचीही नाही. नोंदणी नसलेल्या माणसाने दातांवर उपचार करायचे नाहीत, दात साफसुद्धा करायचे नाहीत, एवढं मात्र कायदा स्पष्ट सांगतो. तिच्या हातून काहीही झालं तरी जबाबदारी डॉक्टरची.

२०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा मंजूर केला, तो या जुन्या कायद्याची जागा घेण्यासाठी. त्यात डेंटिस्टबरोबरच दंत सहायकांच्या राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद आहे. माझी आशा तिथे आहे. नोंदवही आली की ‘कोण’ हे ठरतं. ‘काय काय’ हे ठरवायला यादी लागते आणि ती यादी करताना आपल्यासारख्या छोट्या दवाखान्यांचा आवाज पोचला पाहिजे. नाहीतर मोठ्या रुग्णालयांच्या सोयीची यादी होईल.

हायजिनिस्ट आणि असिस्टंट यांत फरक काय? आमच्याकडे दोघींनाही ‘सिस्टर’च म्हणतात.

हायजिनिस्टचा दोन वर्षांचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम असतो, तिची नोंदणी होते आणि दात साफ करणं हे तिचं कायदेशीर काम आहे. असिस्टंट बहुतेक वेळा दहावी-बारावी करून येते आणि डॉक्टरच्या हाताखाली शिकते. कौशल्य विकासाखाली डेंटल असिस्टंटचा अभ्यासक्रम आहे, पण तो केलेल्या मुली छोट्या दवाखान्यांत क्वचित दिसतात. हायजिनिस्टही ठाण्यातल्या एकट्या डॉक्टरच्या छोट्या दवाखान्यात शोधून सापडायची नाही. त्यामुळे सगळा भार येतो तो जिला कागदावर काहीच ओळख नाही तिच्यावर.

आमच्या डॉक्टरांकडे ताईच दात साफ करते. हे चालतं का?

ती नोंदणीकृत हायजिनिस्ट असेल तर चालतं. नसेल तर नाही. विचारायला संकोच करू नका. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

मग डॉक्टर मंडळी कामं द्यायला का कचरतात?

कारणं बरीच आहेत आणि त्यांतली काही अगदी रास्त आहेत.

पहिलं कारण म्हणजे भरवसा. आपल्याकडे पेशंट दवाखान्याच्या नावाकडे येत नाही, हाताकडे येतो. ‘डॉक्टरांचा हात हलका आहे’ हे नौपाड्यातल्या एका बिल्डिंगमध्ये पसरलं की त्यावर दहा वर्षं दवाखाना चालतो. तो हात दुसऱ्याच्या हाती द्यायची भीती मी समजू शकते.

दुसरं कारण बोगस डॉक्टरांचं. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. पुढचा एक दात पडलेला, त्या जागी कोणीतरी प्लास्टिकसारखं ॲक्रिलिक शेजारच्या दोन्ही दातांना चिकटवून पक्का दात बसवून दिला होता. खालची हिरडी सुजून लाल, दोन्ही शेजारचे चांगले दात हलायला लागलेले. बसवून देणारा माणूस पूर्वी कुठल्याशा दवाखान्यात हाताखाली काम करायचा. त्या बाईंचे एकाऐवजी तीन दात गेले. असं पाहिलं की डॉक्टर म्हणतात, शिकवलं तर उद्या हेच करतील. माझं म्हणणं उलट आहे. तो माणूस तयार झाला कारण त्याला हात शिकवला पण मर्यादा कोणी शिकवली नाही, आणि त्याने काय करायचं नाही हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं. नोंदणी असती तर ती जाण्याची भीती असती.

तिसरं कारण कोर्टाचं. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येतात असा निकाल दिला, तेव्हापासून प्रत्येक डॉक्टरच्या मनात तो खटका आहे. यादी नसताना काम दिलं आणि चुकलं तर बचावाला काहीच नाही.

चौथं कारण कोणी बोलत नाही आणि मला ते सगळ्यात मोठं वाटतं. आपल्याला कॉलेजात एकट्याने काम करायला शिकवतात. बीडीएसच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाला पेशंट मिळतो, पण असिस्टंट नाही. एका हातात आरसा, दुसऱ्यात हत्यार, सक्शन पेशंटच्याच हातात. डॉक्टर होऊन दवाखाना टाकतो तेव्हा चार हातांनी काम कसं करायचं हे आपण असिस्टंटबरोबरच शिकत असतो. ज्याला स्वतःला काम वाटून देता येत नाही, त्याला दुसरी व्यक्ती अपुरी वाटते. मी पहिली सहा-सात वर्षं माझ्या असिस्टंटला सिमेंट घोटूसुद्धा देत नव्हते. दोष तिचा नव्हता.

बीडीएस झालेली मुलं नोकरी शोधत फिरतात. मग असिस्टंटला डॉक्टरांची कामं का द्यायची?

हा सगळ्यात जोरकस प्रश्न आहे आणि तो विचारणाऱ्या तरुण डॉक्टरांचा राग मला पटतो.

नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे एवढ्याच पट्ट्यात पाच डेंटल कॉलेजं आहेत. चार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप, घरच्यांनी लाखो रुपये घातलेले, आणि बाहेर पडल्यावर कोपरखैरणे किंवा घणसोलीच्या एखाद्या दवाखान्यात असोसिएट म्हणून मिळणारा पगार असिस्टंटच्या पगाराहून फार वर नसतो. अशा मुलीला कोणी म्हटलं की असिस्टंटची कामं वाढवू या, तर तिला आपल्या ताटातला घास काढल्यासारखं वाटणारच.

तरी माझं मत बदलत नाही, ते दोन कारणांनी. एक म्हणजे त्या तरुण डॉक्टरचं खरं काम निदानाचं आहे. किडीचा डाग आणि साधा डाग यांतला फरक, हिरडीतून येणारं रक्त मधुमेहाचं तर नाही ना, दाढेच्या मुळाशी एक्स-रेमध्ये दिसणारी काळी सावली, हे तिने पाच वर्षांत कमावलेलं आहे. तिला लहान मुलांना ब्रश कसा धरायचा हे समजावण्यात आणि मापं घेण्यात दिवस घालवायला लावणं हे तिच्या शिक्षणाचा उपयोग न करणं आहे.

दुसरं असं की डॉक्टर जास्त आहेत ते इथे, शहरात. ठाणे स्टेशनपासून लोकलने आसनगावला उतरून पुढे शहापूरच्या पाड्यांत जा, मुरबाडला जा, किंवा २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हा तिकडे गेलेल्या मोखाड्यात जा. तिथल्या शाळेतल्या मुलांची सहाव्या वर्षी येणारी पहिली कायमची दाढ किडून जाते आणि घरात कोणाला ती कायमची आहे हेही माहीत नसतं. दुधाची समजून सोडून देतात. तिथे प्रत्येक शाळेत डॉक्टर पोचणार नाही. शिकलेली असिस्टंट पोचू शकते.

एका गोष्टीला मात्र माझा ठाम विरोध आहे. दवाखान्याच्या मालकाने असोसिएटला काढून तिच्या जागी कमी पगाराची असिस्टंट बसवायची, हा कामं वाढवण्याचा अर्थ नव्हे. तसं होणार असेल तर मी त्या तरुण डॉक्टरांच्या बाजूने उभी राहीन.

असिस्टंटना स्वतःला काय वाटतं? त्यांना हवी आहेत का ही कामं?

त्यांना कोणी विचारत नाही, म्हणून मी विचारलं. आमच्याकडच्या ताई दिव्याहून येतात. कळव्याची एक मुलगी सध्या शिकते आहे. नवी मुंबईतल्या मैत्रिणींच्या दवाखान्यांत तुर्भे, रबाळे, दिघ्याहून येणाऱ्या बायका आहेत. बहुतेकींना शिकायची इच्छा आहे, पण त्यांची पहिली चिंता माझ्या अंदाजाहून वेगळी निघाली. काम जमेल का, ही ती चिंता नव्हती. चुकलं तर दोष कोणाचा, ही होती. डॉक्टरांचं चुकलं तर ‘दात अवघड होता’ आणि आपलं चुकलं तर ‘तुला काही येत नाही’, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेलं आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. दवाखाना सकाळी दहा ते दीड आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेनऊ. दुपारी घरी जाऊन येणं दिव्याच्या गाडीत शक्य नसतं, त्यामुळे चार तास दवाखान्यातच पडून राहायचं. रात्री दहाची लोकल. घरी पोचून जेवण करायचं. अशात ‘तुला नवीन शिकवते’ असं मी उत्साहाने म्हटलं की त्यांना त्यात आणखी एक तास दिसतो. शिकवणं दुपारच्या त्या रिकाम्या वेळात आणि पगारी असलं पाहिजे, हे मला त्यांच्याकडून कळलं.

तिसरी गोष्ट मान. जुने पेशंट अजून ‘कंपाउंडर’ म्हणतात, काही जण नुसतं ‘ए मुली’. पंधरा वर्षं काम केलेल्या बाईला पुढची पायरीच नाही. पहिल्या दिवशी जे पद, तेच शेवटच्या दिवशी. कामं वाढवण्याचा मुद्दा मला डॉक्टरांचा वेळ वाचवण्यापेक्षा या पायरीसाठी जास्त महत्त्वाचा वाटतो.

आणि पेशंट? ते तयार होतील?

माझा अनुभव असा की पेशंटला असिस्टंटचा हात चालतो, न सांगता केलेलं चालत नाही. घंटाळीहून येणारे एक निवृत्त शिक्षक आहेत. कवळीचं माप घेताना मी बाजूला झाले आणि ताईंनी ट्रे उचलला, तेव्हा त्यांनी हात वर करून थांबवलं. मी काहीच सांगितलं नव्हतं, चूक माझी होती. मी ताईंचं नाव सांगितलं, त्या हे साहित्य इतकी वर्षं हाताळताहेत हे सांगितलं आणि मी इथेच उभी राहणार आहे हेही सांगितलं. मग माप ट्रेमध्ये भरून ताईंनी माझ्या हातात दिलं, तोंडात मी घातलं. पुढच्या भेटीला काकांनी स्वतःच ताईंना नावाने हाक मारली.

काही बाबतींत तर पेशंट असिस्टंटशीच जास्त बोलतात. भूल दिलेली कधी उतरणार, जेवायचं काय, गोळी उपाशीपोटी चालेल का, हे मला विचारत नाहीत. दाराशी चपला घालताना ताईंना विचारतात. ती उत्तरं बरोबर असावीत म्हणून तरी तिला नीट शिकवायला हवं.

कुठलं काम सगळ्यात आधी द्यावं?

मला विचाराल तर फ्लोराइड वार्निश. ५ टक्के सोडियम फ्लोराइडचा हा पातळ थर ब्रशने दातांवर लावतात, लाळ लागली की तो चिकटून बसतो, दर तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा लावायचा. दात कोरायचा नाही, टोचायचं नाही, भूल नाही. एका मुलाला दोन-तीन मिनिटं. ब्रिटनमध्ये जादा प्रशिक्षण घेतलेल्या डेंटल नर्स हे काम करतात. आज माझ्या दवाखान्यात वार्निश मीच लावते, कारण यादी नाही. यादी झाली तर पहिल्या ओळीत मला हे हवं आहे.

त्यानंतर अल्जिनेटची मापं, तात्पुरती कॅप बनवणं, रबर डॅम (दाताभोवती ताणायचा रबराचा पडदा) बसवणं, टाके काढणं, तारा लावलेल्या मुलांचे रंगीत रबर बदलणं. खोल खाचांच्या दाढा बंद करण्याचं सीलंट मी थोडं पुढे ठेवेन. त्यात दात पूर्ण कोरडा ठेवावा लागतो. लाळेचा एक थेंब लागला की सीलंट निघतं आणि खाली कीड लपते.

कुठलं काम कधीच देऊ नये?

निदान. भूल देणारं इंजेक्शन. दात कोरणं, काढणं. औषध लिहून देणं. भुलीच्या औषधात बहुधा हृदयाचे ठोके वाढवणारं ॲड्रेनलिन असतं आणि हृदयरोग्याला ते किती चालेल हा विचार क्षणात करावा लागतो. तो डॉक्टरनेच करावा.

एक्स-रे काढला तर?

दातांच्या एक्स-रे मशीनची अणुऊर्जा नियामक मंडळाकडे नोंदणी लागते. त्यांचं मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरलाच आहे. बटण कोणी दाबायचं यापेक्षा कसं दाबायचं हे मला जास्त काळजीचं वाटतं. पेशंटच्या तोंडातला एक्स-रे टिपणारा सेन्सर असिस्टंटने स्वतःच्या बोटाने धरून ठेवायचा, हे आजही अनेक ठिकाणी चालतं. एका फोटोत काही होत नाही असं म्हणतात, पण तिची बोटं दिवसाला दहा वेळा त्या किरणांत असतात. होल्डर फार महाग नसतो. तो आणा. तिला अंतरावर, भिंतीआड उभं करा. हे केल्याशिवाय तिला एक्स-रेचं काम वाढवून देण्याची भाषा मला मान्य नाही.

बाहेरच्या देशांत काय अनुभव आहे?

ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टच्या डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी १९०६ मध्ये आपल्या असिस्टंट आयरीन न्यूमन यांना दात साफ करायला शिकवलं आणि १९१३ मध्ये हायजिनिस्टची पहिली शाळा काढली. आज जगभरच्या हायजिनिस्ट त्यांची परंपरा सांगतात. सुरुवात एका असिस्टंटपासून झाली, हे मला आमच्या ताईंना सांगायला आवडतं.

न्यूझीलंडने तर धाडसच केलं. पहिल्या महायुद्धात भरतीला आलेल्या तरुणांचे दात इतके खराब निघाले की सरकार हादरलं. १९२१ मध्ये वेलिंग्टनला मुलींना ‘स्कूल डेंटल नर्स’ म्हणून शिकवायला सुरुवात झाली. शाळेतच दवाखाना, आणि या नर्स मुलांचे दात भरतसुद्धा. ती सेवा पिढ्यान्‌पिढ्या चालली.

उलटही घडलं. बोस्टनच्या फोर्सिथ संस्थेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हायजिनिस्टना दात कोरायला आणि भरायला शिकवण्याचा प्रयोग झाला. कामाचा दर्जा चांगला निघाला. पण दात कोरणं हे राज्याच्या कायद्याविरुद्ध आहे असं ठरलं आणि १९७४ मध्ये प्रयोग थांबला. पुढे २००९ मध्ये मिनेसोटा राज्याने डेंटल थेरपिस्टना, म्हणजे डॉक्टर नसूनही दात कोरून भरणाऱ्यांना, कायद्याने परवानगी दिली. ब्रिटनमध्ये २०१३ पासून पेशंट डेंटिस्टला न भेटता थेट हायजिनिस्टकडे जाऊ शकतो. आपल्याला इतकं पुढे जायची आज गरज नाही. पण ‘असं कुठेच होत नाही’ हे म्हणणं चूक आहे.

तंबाखू आणि मिश्रीच्या बाबतीत असिस्टंटचा काही उपयोग होतो का?

होतो, आणि याची चर्चा सगळ्यात कमी होते.

मिश्री लावणाऱ्या बायका मला ते सांगत नाहीत. ‘लावत नाही’ म्हणतात, लाजतात. ताईंना सांगतात, कारण ताईंची आईही लावायची. माझ्याकडे आलेल्या एका मावशींच्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता. किती वर्षं, दिवसातून किती वेळा, रात्री तोंडात ठेवून झोपता का, ही खरी उत्तरं ताईंनी काढून दिली. मग आम्ही त्यांना खारघरच्या टाटाच्या कॅन्सर केंद्रात पाठवलं. तोंड किती उघडतं ते बोटांनी मोजणं (तीन बोटं उभी मावली पाहिजेत), चट्टा दिसला की डॉक्टरला लगेच सांगणं, तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा मोफत राष्ट्रीय क्रमांक लिहून देणं, एवढं प्रत्येक असिस्टंटला शिकवायला एक दुपार पुरते. निदान डॉक्टरचंच, पण नजर दोघींची असावी.

शिकवलं आणि ती दुसरीकडे गेली तर?

जाते. माझ्याकडून दोघी गेल्या. एक घोडबंदर रोडला एका मोठ्या साखळी दवाखान्यात जास्त पगारावर गेली. वाईट वाटलं, पण तिला थांबवण्यासाठी मी काय दिलं होतं, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. काम वाढलं की पगार वाढला पाहिजे, दोन्ही एकाच महिन्यात. ‘आधी शीक, मग बघू’ हे मी आता म्हणत नाही.

तिला सुई टोचली तर काय करायचं?

साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचं. बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही. मग लगेच सरकारी रुग्णालयात जायचं, कारण एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध शक्य तर दोन तासांत सुरू व्हावं लागतं आणि ७२ तासांनंतर त्याचा उपयोग नाही. पेशंट कोण होता याची नोंद ठेवायची. आणि तिला ओरडायचं नाही. ओरडणाऱ्या डॉक्टरकडे पुढच्या वेळी सुई टोचल्याचं कोणी सांगत नाही, हे मी एका दवाखान्यात शिकाऊ असताना पाहिलं आहे. तिथल्या मुलीने दोन दिवस लपवलं होतं. सुदैवाने काही झालं नाही.

सुईला टोपण दोन्ही हातांनी लावायचं नाही. टोपण ट्रेमध्ये ठेवून एका हाताने सुई त्यात सरकवायची. हे डॉक्टरने स्वतः करावं, असिस्टंटवर टाकू नये.

पेशंट म्हणून मी काय करू शकतो?

विचारा: तुमचं नाव काय, हे काम कोण करणार आहे, डॉक्टर इथेच असतील ना. आणि काम चांगलं झालं तर डॉक्टरसमोर तिचं नाव घेऊन सांगा.

माझी मुलगी बारावी झाली आहे. वाशीला एका दवाखान्यात असिस्टंटची जागा आहे. पाठवू का?

पाठवा, पण आधी तिच्याबरोबर एकदा जाऊन या. ऑटोक्लेव्ह चालू आहे का बघा. सुया टाकायचा पांढरा डबा आहे का बघा. सुट्टी आठवड्यातून कुठली आणि रात्री किती वाजता सोडणार हे स्पष्ट विचारून घ्या. काय शिकवणार आणि त्यानंतर पगार किती होणार हे कागदावर मागा. पहिल्या वेळी तो कागद न मिळाला तरी मागितल्याचं लक्षात राहतं. बारावीला सायन्स असेल तर दोन वर्षांच्या हायजिनिस्टच्या अभ्यासक्रमाचीही चौकशी करा, कारण त्यात नोंदणी मिळते. आणि काहीही ठरलं तरी हेपॅटायटिस बी ची लस लगेच सुरू करा: आज पहिली, एक महिन्याने दुसरी, सहा महिन्यांनी तिसरी. तिसरीनंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून संरक्षण तयार झालं का ते बघायचं असतं. तो खर्च दवाखान्याने करायचा असतो, तसं त्यांना सांगा.